रविवार सकाळ, सहा बाटल्या आणि एक पिकदाणी

आमच्या घरात दारूबद्दल सगळ्यांची मतं ठाम. नवरा रमवाला, ओल्ड मंक सोडून बाकी सगळं त्याच्या लेखी सरबत. भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, सिंगल माल्ट व्हिस्कीवाले. माल्ट पिण्यापेक्षा माल्टवाले असण्याचा आनंद त्यांना काकणभर जास्तच असावा, असा माझा जुना संशय. मी वाइनवाली; त्यात लाल, त्यात 'ड्राय', गोडाचं नावही नको. चौथी माझी मैत्रीण, माहेर नारायणगावचं, घरच्या द्राक्षबागा. तिचं म्हणणं, मला काहीही द्या. या आवडींवरून आमचे वर्षानुवर्षं वाद झाले आणि प्रत्येक वेळी बाटली लेबलासकट समोर होती. त्यामुळे कोण चाखतंय आणि कोण नुसतं वाचतंय, हे कळायला मार्गच नव्हता.

झाकून चाखायची पद्धत जुनीच आहे. 1976 साली पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पुरियर या इंग्रज वाइनविक्रेत्याने फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्सच्या नामांकित वाइन आणि कॅलिफोर्नियाच्या नवख्या वाइन नावं न सांगता ठेवल्या. लाल काय आणि पांढरी काय, दोन्हीकडे पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा आला. लालमध्ये स्टॅग्ज लीपची 1973 ची कॅबरने आणि पांढरीत शातो माँटेलेनाची त्याच सालची शार्डने. आमचा हेतू इतका उदात्त नव्हता. भाऊजींना एकदा गप्प करायचं होतं, एवढंच.

आधी परमिट काढलं. 1949 चा दारूबंदी कायदा आपल्याकडे आजही आहे, फक्त तो परमिट रूमच्या पाट्यांपुरता लोकांच्या लक्षात राहिलाय. कायद्याने दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. विदेशी मद्याचा एका दिवसाचा 5 रुपयांत, वर्षाचा 100 रुपयांत, आजीवन 1000 रुपयांत. दुकानदार विचारत नाही, गिऱ्हाईक काढत नाही. पण घरात इतक्या बाटल्या मांडून बसायचं म्हटल्यावर मी आजीवन काढून मोकळी झाले. आमच्यात पंचविशीच्या आतलं कुणी नव्हतं, तो प्रश्न मिटलेलाच.

खरी अडचण आली उदबत्तीची. संध्याकाळी दिवेलागणीला आई, म्हणजे सासूबाई, देवापुढे मोगऱ्याची उदबत्ती लावतात. त्या वासात वाइन हुंगायला घेतली की मोगराच हुंगला जातो. शिवाय संध्याकाळपर्यंत जिभेवरून दोन-तीन चहा, एखादी मिसळ आणि वर बडीशेप असं बरंच काही गेलेलं असतं. जाणकार लोक चाखायला सकाळी का बसतात, ते तेव्हा उमगलं. म्हणून रविवारी सकाळी अकराची वेळ ठरली. कोथरूडच्या सोसायटीत त्या वेळी बाटल्या उघडायच्या तर खिडक्या लावणं आलंच. मग पंखा फुल्ल, अत्तर-सेंट बंद, पान बंद, आणि तोंड धुवायला पाणी नि साधे चुरमुरे. फरसाणाला सक्त मनाई.

ग्लास बोहरी आळीतून आणले, सगळे एकाच मापाचे, वरच्या तोंडाशी थोडे आवळलेले. वास ग्लासात कोंडून राहायला हवा ना. पसरट ग्लासात तो नाकापर्यंत पोचायच्या आत उडून जातो. बाटल्यांना आधी वर्तमानपत्र गुंडाळून पाहिलं, पण ते काही खरं नाही. फ्रान्सच्या बोर्डो भागातली बाटली खांदे काढून उभी असते, बर्गंडीची उतरत्या खांद्यांची. कागदातूनही ओळखू येते. शेवटी सगळं पाण्याच्या एकसारख्या काचेच्या बाटल्यांत ओतलं आणि टेप लावून नुसते आकडे टाकले.

ओतायचं काम आईंकडे. त्या स्वतः थेंबही घेत नाहीत, त्यामुळे त्यांचा पक्षपात असण्याचं कारण नव्हतं. कुठल्या आकड्यात काय, ती यादी त्यांनी शब्दकोड्याच्या पुस्तकात घालून ठेवली आणि सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कुणालाही सांगितली नाही. नवऱ्याने "आई, निदान तीन नंबरचं तरी" म्हणून पाहिलं, तर "आधी कागद दे" एवढंच उत्तर.

राहिलं थुंकण्याचं. चाखायचं तर घोट तोंडात घोळवून थुंकावा लागतो. सगळं गिळत गेलं की चौथ्या ग्लासापासून सगळंच छान लागायला लागतं. पण पैसे मोजून आणलेली चीज थुंकायची ही कल्पना मराठी माणसाच्या गळी उतरत नाही. आजेसासूबाईंची पितळी पिकदाणी माळ्यावर पडून होती, ती चिंचेने घासून मधोमध ठेवली. भाऊजी पहिल्या रविवारी तिच्याकडे न बघता सगळं पीत होते. दुसऱ्या फेरीत त्यांच्या कागदावरचं अक्षर पाहून आईंनीच पिकदाणी त्यांच्यापुढे सरकवली.

पहिला प्रयोग रंगाचा केला. 2001 साली एक फ्रेंच अभ्यास प्रसिद्ध झाला होता. बोर्डोच्या 54 विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून दिला, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. रंग मिसळणं मला पटेना, म्हणून आम्ही स्टीलची फुलपात्रं घेतली आणि पडदे ओढले. लाल वाइन फ्रिजमधून काढलेली, पांढरी बाहेर ठेवून कोमट झालेली. भाऊजींनी गार लालला "पांढरी, लिंबाची साल" असं ठणकावून सांगितलं. मी कोमट पांढरीला "हलकी लाल" लिहिलं. फसली नाही ती एकटी मैत्रीण. तिने वासाकडे लक्षच दिलं नाही. घोट घेतला, हिरडीवरून जीभ फिरवली आणि म्हणाली, "ही लाल. तोंड कोरडं पडतंय बघ." बरोबर होतं. लाल वाइनचा रस सालं आणि बियांसकट आंबवतात, त्यातून टॅनिन उतरतं आणि तोंड तुरट होतं. पांढरीचा रस सालीपासून आधीच वेगळा काढलेला असतो.

द्राक्षाबद्दल तिला विचारलं की ती थांबत नाही. घरची बाग खाण्याच्या द्राक्षाची, थॉमसन, पण छाटणी सगळीकडे तीच: एप्रिलमध्ये वेलीच्या वाढीसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला फळासाठी गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्च माल. युरोपात जेव्हा द्राक्ष काढणीला येतं, त्या दिवसांत आपल्याकडे वेलीवर कात्री चालत असते. वाइनचं द्राक्ष खायला घेतलं तर निराशाच होईल, असं ती म्हणते. मणी बारीक, साल जाड, आत बिया. पण साखर भरपूर आणि थंडीच्या रात्रींमुळे आंबटपणाही टिकून. आंबटपणा गेला की उरतो नुसता गोडसर काढा. नारायणगावजवळ वाइन करण्याचा उद्योग 1980 च्या दशकात सुरू झाला, तेव्हा तिच्या घरच्यांनी म्हणे, "द्राक्ष कुजवून विकायचं?" म्हणून नाक मुरडलं होतं.

पुढच्या फेरीने मात्र माझी झोप उडवली. आईंना मी आधी सांगून ठेवलं होतं की एकच लाल वाइन दोन आकड्यांनी ठेवा, एक सकाळपासून ओट्यावर असलेली आणि एक फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवलेली. नेमकी कुठली, कुठल्या आकड्याने, ते त्यांनी ठरवायचं. एप्रिलचे दिवस, ओट्यावर तिशी सहज ओलांडलेली. चौघांनीही त्या दोन वेगवेगळ्या वाइन समजून लिहिल्या. माझ्या कागदावर एकीला दहापैकी तीन, "औषधी, घसा जळतो, बहुतेक स्वस्तातली". दुसरीला आठ, "पिकलेलं जांभूळ, मिरी, ही कुठली ते विचारायचं". आईंनी यादी वाचली तेव्हा मी पुस्तक त्यांच्या हातून घेऊन स्वतः पाहिलं.

लाल वाइन 'रूम टेम्परेचर'ला प्यावी हे वाक्य आपण सगळे ऐकत आलोय. ती रूम युरोपातली, 16 ते 18 अंशांची. पुण्यातली मे महिन्यातली नव्हे. गरम झाली की अल्कोहोलची वाफ आधी नाकात शिरते आणि फळाचा वास मागे पडतो. फार गार केली की उलटं, वास मिटतो आणि तुरटपणा टोचतो. पांढरीला 8 ते 12 अंश बरे. हे सगळं मी पूर्वी वाचलेलंही होतं. पण आपल्याच हाताने लिहिलेले तीन आणि आठ शेजारीशेजारी बघणं वेगळं. आता लाल वाइनसुद्धा फ्रिजमध्येच ठेवते आणि जेवायच्या अर्धा तास आधी बाहेर काढते. उन्हाळ्यात तर वीस मिनिटंच.

याच कारणाने एक महाग बाटली वाया गेली. हौसेने परदेशी लाल आणली होती. आयात वाइनवर सीमाशुल्कच भरमसाट, त्यामुळे बाटलीतल्या मालापेक्षा सरकारचाच वाटा मोठा वाटावा अशी किंमत. झाकलेल्या फेरीत ती चौघांकडेही शेवटून पहिली. उकडलेल्या मनुका, मुरांब्याचा वास, बाकी काही नाही. नंतर आठवलं की ती दुकानाच्या रस्त्याकडच्या शोकेसमध्ये, उन्हात उभी होती. पुण्यातल्या बऱ्याच दुकानांत वाइन अशीच कोपऱ्यात ट्यूबलाइटखाली ताटकळत असते, कारण खप व्हिस्की-बियरचा. जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचं ठरवलं होतं, तेव्हा जो गदारोळ झाला त्यात ते मागे पडलं. दारू वाढेल की नाही हा वाद घालणाऱ्यांनी घालावा. मला आपलं वाटलं होतं की निदान एसीतली बाटली मिळेल. आता मी एसी असलेलं दुकान पाहून जाते आणि मागच्या रॅकमधली द्या म्हणते.

माझ्या 'ड्राय'पणाचं काय झालं तेही सांगते. कोऱ्या जिभेवर, नुसत्या चुरमुऱ्यांबरोबर, माझी पसंती ड्रायलाच आली. अकलूजच्या फ्रातेल्ली वाइनरीची लाल सांजोव्हेझे मी दोनदा वरच्या नंबरला टाकली, आणि ती आंबटसर, सडसडीत चव मला खरंच आवडते हे आता लेबलाशिवाय सिद्ध झालंय. पण मग आम्ही तीच फेरी जेवणाबरोबर घेतली. भाजणीचं थालीपीठ, लोणी, हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेच्यानंतर घोट घेतला आणि सांजोव्हेझे कडूजहर झाली. तिखटावर अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही आग वाढवतात. त्या ताटाला जी बाटली शोभली ती नाशिकची पांढरी शेनँ ब्लाँ, गार, किंचित गोडीची, जिला मी आयुष्यभर 'बायकांची वाइन' म्हणून नाकारत आले, स्वतः बाई असून. त्या दिवशी तिला माझे नऊ गुण आहेत, कागद जपून ठेवलाय. लोण्यातला मिठाचा खडा जिभेवर असेल तर मात्र लालही मवाळ होते. खारे दाणे लाल वाइनला चालतात, मसाला दाणे नाहीत.

शार्डनेचं मात्र जमलं नाही. ओकच्या पिंपात मुरलेली, व्हॅनिला नि लोण्याच्या वासाची ती जाड वाइन लेबल ठेवून आवडली नव्हती, झाकूनही नाही. बरं वाटलं.

मधेच एका फेरीत नवऱ्याने वात्रटपणा केला. आई जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव घेतात, कित्येक वर्षं. धायटीची फुलं घालून आंबवलेलं. अल्कोहोल त्यात आपोआप तयार होतं आणि तसं बाटलीवर छापलेलंही असतं. त्याने आईंशी संगनमत करून तेच शेवटच्या आकड्यात थोडंसं ओतलं. भाऊजींचा कागद असा: "जुनी पोर्ट. लवंग, जायफळ, मनुका. पोर्तुगालची असावी. 8." लवंग, जायफळ, मनुका तिन्ही खरंच त्यात पडतात, त्यामुळे नाकाला दोष देता येत नाही. आई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाल्या, "बाटली एकशेसाठची आहे हो." भाऊजींनी गुण कमी करायला नकार दिला, हे त्यांच्या बाजूने नमूद करायला हवं.

व्हिस्कीसाठी त्रिकोणी पद्धत वापरली. तीन ग्लास, दोन एकाच बाटलीतले, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येणारच, म्हणून पुन्हा पुन्हा करावं लागतं, आणि म्हणूनच दर वेळी चमचाभरच. एकीकडे नेहमीची देशी ब्लेंडेड, दुसरीकडे भाऊजींचा माल्ट. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत बरीचशी स्पिरिट मळीपासून काढलेली असते. युरोपच्या नियमात व्हिस्की धान्याचीच हवी, त्यामुळे तिकडे तिला ते नाव लावता येत नाही. चवीत हा फरक ढळढळीत असायला हवा.

सोडा आणि बर्फ घालून दिलं तेव्हा कुणालाच धड सांगता येईना. भाऊजी दोनदा चुकले, नवरा एकदा अंदाजाने बरोबर आला आणि उगाच मिरवला. मग बर्फ काढला, सोडा काढला, साधं पाणी निम्म्याला निम्मं. व्हिस्कीचं मिश्रण करणारे जाणकारही ती पाणी घालून वीसेक टक्क्यांवर आणूनच हुंगतात. तेवढ्यावर अल्कोहोलचा झणका कमी होतो आणि वास मोकळे होतात. तसं दिल्यावर भाऊजींनी एकदाही चूक केली नाही. ग्लास नाकाशी नेला, खाली ठेवला, "हा". पुन्हा, "हा". सगळ्या फेऱ्यांत. त्यांना गप्प करायचा बेत इथे पार धुळीला मिळाला. मी एवढंच विचारलं की मग लग्नकार्यात सोडा नि बर्फ घालून तोच माल्ट कशासाठी मागवता? त्यावर उत्तर आलं नाही, पण हल्ली ते पाणी घालून पितात.

रमची फेरी थोडक्यात. मोहन मीकिनची ओल्ड मंक 1954 पासून बाजारात आहे, 42.8 टक्के, आणि व्हॅनिलाचा तो वास नवऱ्याने ग्लास टेबलावर असतानाच ओळखला. कोला घातल्यावर मात्र त्याने दुसऱ्याच रमला पहिला नंबर दिला. तो निकाल त्याने आजतागायत मान्य केलेला नाही. कोला जास्त पडला होता म्हणे.

बियर या पद्धतीत बसत नाही. दुसऱ्या बाटलीत ओतली की फेस जातो आणि फेसाबरोबर निम्मी मजा. पुण्याला 2009 मध्ये डूलालीच्या रूपाने मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बियर बनवून देणारं ठिकाण, मिळाली, तेव्हा बियर नळाशी जाऊनच प्यावी हे बरं.

अनपेक्षित निघाली ती मीड. 2018 पासून पुण्यात मूनशाइन ही मीडरी आहे, भारतातली पहिली. मध, पाणी आणि यीस्ट. माझी समजूत अशी की मध म्हणजे गोडमिट्ट असणार. पण यीस्ट साखर खाऊन टाकतं, मागे राहतो तो फुलांचा वास आणि हलका आंबटपणा. झाकलेल्या फेरीत मैत्रिणीने तिला सर्वांत वर ठेवलं आणि मी दुसरं. गंमत म्हणजे 'मला काहीही द्या' म्हणणाऱ्या या बाईचे कागद एकत्र लावले तर सगळ्यांत पक्की आवड तिचीच निघाली: आंबट हवं, गार हवं, लाकडाचा वास नको. प्रत्येक फेरीत तेच. आम्ही तिघं गुण देताना इकडून तिकडे उड्या मारत होतो.

आता आमच्याकडे पाहुण्यांना शनिवारी शेनँ आणि मीड मिळते, सांजोव्हेझे फक्त जेवणात ठेचा नसेल तेव्हा. फ्रिजच्या दारातला खालचा कप्पा आईंनी सोडलाय, ताकाचा तांब्या वर गेला. फेणीची फेरी राहिली आहे. गोव्याहून बाटली आणायची तर वाहतुकीचा परवाना वेगळा काढावा लागेल, आणि तो निघाला तरी त्या वासाचं काही उघडायचं असेल तर गच्चीवर जा, असं आईंनी आधीच बजावून ठेवलंय.